सर, एक बोलायचं होतं...

पगारवाढ मागायला आपली पिढी शिकली. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवून काउंटर ऑफर पदरात पाडून घ्यायलाही शिकली. पण 'मला कामाची वेळ थोडी बदलून हवीये' हे साधं वाक्य मात्र अजूनही घशातच अडकतं. ते बाहेर काढायचं कसं? आणि कुणासमोर?

संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. तुम्ही लॅपटॉप मिटता, बॅग उचलता आणि तीन क्युबिकल पलीकडून हमखास आवाज येतो, 'काय रे, आज हाफ डे का?' सगळे हसतात. तुम्हीही हसता. सकाळी नऊला स्वाइप केलेलं असतं, डबा डेस्कवरच उघडलेला असतं, दिवसाचं काम संपलेलं असतं. तरीही लिफ्टपर्यंत जाताना पाठीवर कुणाची तरी नजर आहे असं वाटत राहतं.

हा जोक मुंबईत आहे, पुण्यात आहे आणि नाशकातल्या छोट्या ऑफिसातही आहे. वरवर निरुपद्रवी. पण त्यात आपल्या ऑफिसांचा अख्खा हिशोब दडलाय. काम किती केलंस याचे मार्क थोडे, किती वेळ दिसलास याचे जास्त! आणि म्हणूनच वेळेबद्दल काही मागायचं म्हटलं की आपल्याला एकदम गुन्हेगार असल्यासारखं वाटतं.

आता जरा गणित करू. डोंबिवलीहून बीकेसी, विरारहून लोअर परळ किंवा सिंहगड रोडवरून हिंजवडी फेज थ्री. जाऊन-येऊन तीन तास धरा (ज्यांना कमी लागतात त्यांनी देवाचे आभार मानावेत). वर्षाला २४० दिवस ऑफिस म्हटलं तर झाले ७२० तास. म्हणजे अख्खे ३० दिवस आणि ३० रात्री आपण ट्रेनमध्ये लटकत किंवा भूमकर चौकात क्लच दाबत काढतो. या महिन्याचा पगार नाही, आणि सुट्ट्यांच्या यादीतही तो कुठे दिसत नाही. आठवड्यातले दोन दिवस जरी घरून काम मिळालं, तरी यातले जवळपास १२ दिवस परत आपल्या खिशात.

राजीनामा सोपा, विचारणं अवघड

माझ्या ओळखीतली एक जण पुण्यात टेस्टिंग लीड होती. आठ वर्षांचा अनुभव, अप्रेझल कायम चांगलं. आईचं डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातचा स्लॉट, साधारण चार तास. भाऊ दुबईला. सुरुवातीला तिने रजा टाकल्या. मग हाफ डे टाकले. मग खोटं बोलायला लागली, आज गॅस सिलिंडर, उद्या गाडी पंक्चर. चार महिन्यांत रजा संपल्या, टीममध्ये कुजबुज सुरू झाली आणि एका रविवारी रात्री तिने राजीनाम्याचा मेल पाठवून दिला.

तिच्या मॅनेजरला आईच्या आजाराबद्दल पहिल्यांदा कळलं ते एग्झिट इंटरव्ह्यूच्या नोट्समधून.

यातली खरी मेख पुढे आहे. तिचा क्लायंट अमेरिकेत होता. रोजचे कॉल संध्याकाळी साडेसातनंतर सुरू व्हायचे आणि त्यासाठी टीममधलं कुणी ना कुणी नाराजीने थांबायचंच. मंगळवार आणि गुरुवार दुपारी बारा ते रात्री नऊ असं तिने मागितलं असतं, तर ती कंपनीला अडचणीत टाकत नव्हती, उलट अडचण सोडवत होती! पण हे कागदावर मांडून बघायची वेळ तिच्यावर कुणी आणली नाही, आणि तिने स्वतःही आणली नाही. दोन सकाळींच्या बदल्यात आठ वर्षांची नोकरी गेली.

असे राजीनामे आपल्या आजूबाजूला खंडीभर आहेत. बाळ झाल्यावर, लग्नानंतर घर लांब गेल्यावर, वडिलांना स्ट्रोक आल्यावर, एक्झिक्युटिव्ह एमबीएला ॲडमिशन मिळाल्यावर. 'आमच्याकडे चालत नाही' असं सगळ्यांनाच ठाऊक असतं, विचारलेलं मात्र कुणीच नसतं. 'विचारलं तर काय वाटेल', 'अप्रेझलवर परिणाम होईल', 'सीरियस नाही असं समजतील'... भीती अगदीच खोटी नाही, त्याबद्दल पुढे बोलू. पण राजीनाम्याने अप्रेझलवर होणारा परिणाम याहून नक्कीच मोठा असतो ना?

कायदा काय म्हणतो?

फारसं काही म्हणत नाही. आपल्याकडे 'मला लवचीक वेळ द्या' असा हक्काने अर्ज करण्याची तरतूद सर्वसाधारण नोकरदारासाठी नाही. एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणींना माहीत नसतो. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, २६ आठवड्यांची पगारी रजा आली हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दुरुस्तीत असंही आलं, की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर मालक आणि ती कर्मचारी यांनी आपसांत ठरवलेल्या अटींवर तिला घरून काम करू देता येईल. 'देता येईल', 'द्यावंच लागेल' नव्हे. तरीसुद्धा कायद्यात छापलेला एक शब्द टेबलावर ठेवणं आणि नुसती विनवणी करणं यात फरक पडतो. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मात्र बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या आहेत.

राज्याचा दुकाने आणि आस्थापना कायदा तासांवर मर्यादा घालतो, आठवड्याला जास्तीत जास्त ४८. दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून दहा करण्याच्या बदलाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. दहा तासांचा दिवस चार दिवसांच्या आठवड्याबरोबर आला तर गंमत आहे. पाच दिवसांबरोबर आला तर ती निव्वळ शिक्षा.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे २००३ मध्ये लहान मुलांच्या आईवडिलांना असा अर्ज करण्याचा हक्क मिळाला, २०१४ मध्ये तो सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुला झाला आणि एप्रिल २०२४ पासून तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो. मालकाला नकार देता येतो, पण कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच एखादं द्यावं लागतं. खर्च वाढेल, काम इतरांत वाटता येणार नाही, नवा माणूस मिळणार नाही, दर्जा घसरेल, कामगिरी घसरेल, ग्राहकाला वेळेवर सेवा मिळणार नाही, तुम्ही म्हणता त्या वेळात पुरेसं कामच नाही, किंवा कंपनीत फेररचना होणार आहे.

ही यादी इथे का दिली? कारण तुमचा बॉस तो कायदा न वाचताही नेमकी हीच कारणं सांगणार आहे! म्हणजे पेपर फुटलाय. आठही उत्तरं तयार करून जा.

आणि हो, २०२० साली आपण सगळे घरूनच काम करत होतो, हा मुद्दा बॉसला ऐकवायच्या आधी थांबा. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत आपल्या एकूण मनुष्यबळापैकी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसमध्ये यायची गरज पडणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं आणि २०२४ मध्ये हजेरीची सांगड व्हेरिएबल पगाराशी घातली. इन्फोसिसने बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्याला दहा दिवसांची अट घातली. थोडक्यात काय, तर वारं उलटं फिरलंय. 'तेव्हा चाललं होतं ना' यावर 'तेव्हा नाइलाज होता' हे उत्तर ठरलेलं आहे. तुमचा युक्तिवाद आजच्या कामावर उभा राहायला हवा.

फ्लेक्सी म्हणजे नुसतं वर्क फ्रॉम होम नव्हे

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. फ्लेक्सिबल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पायजमा आणि लॅपटॉप येतो. बॉसच्याही येतो, म्हणून तो बिचकतो. खरं तर कित्येकांना घरून काम नकोच असतं. वन रूम किचनमध्ये चार माणसं असताना 'म्यूट पे था' म्हणत जगण्यापेक्षा ऑफिसचा एसी बरा.

मग हवं काय? कुणाला नऊऐवजी साडेअकराला यायचं असतं, म्हणजे गर्दीची वेळ टळते. मुंबईकरांसाठी हा चैनीचा प्रश्न राहिलेला नाही. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून मुंबईत स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन भागांत विभागल्या आणि शहरातल्या शेकडो कार्यालयांना वेळा बदलण्याचं आवाहन केलं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, त्यानंतर ही चर्चा पुन्हा तापली. साडेआठच्या फास्टला लटकणारा मुलगा एक तास उशिरा निघाला तर कंपनीचं काय बिघडतं, हा प्रश्न एचआरला विचारण्याजोगा नक्कीच आहे.

कुणाला चार दिवस जास्त तास थांबून पाचवा दिवस मोकळा हवा असतो. (यात सरकारी बाबूंनी आपल्यावर केव्हाच मात केलीये. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो रोज ४५ मिनिटं जास्त थांबण्याच्या बोलीवर.) कुणाला दुपारी दोन तास हवे असतात, मुलाला शाळेतून आणून आजीकडे सोडण्यापुरते, आणि ते तास रात्री भरून द्यायची तयारी असते. कुणाला सहा महिन्यांसाठी कमी पगारात कमी काम चालणार असतं. तुम्हाला यातलं नेमकं कोणतं हवंय ते आधी ठरवा. 'सर, थोडी फ्लेक्सिबिलिटी मिळाली तर...' असं मोघम बोललात की उत्तरही मोघमच मिळणार, 'बघू, बघू.' आणि 'बघू'चा मराठीतला अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक. सगळ्यांना सगळं मिळत नाही. बँकेच्या काउंटरवरचा कॅशियर, हॉस्पिटलमधली सिस्टर, मॉलमधला सेल्समन यांना घरून काम कुठून मिळणार? पण पुढच्या दोन आठवड्यांचं रोस्टर आधी हातात मिळणं, शिफ्ट आपसांत बदलायची मुभा असणं, सलग दोन वीक ऑफ मिळणं, हीसुद्धा लवचीकताच आहे. ऑफिसवाल्यांनी फ्लेक्सीवर लंबीचौडी चर्चा करताना ऑफिसच्या गेटवर बारा तास उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्या काकांनाही हिशोबात धरलं तर बरं होईल.

बॉसच्या खुर्चीत बसून बघा

तुमचा टीम लीड खलनायक नाही. तोही कल्याणहूनच येतो. त्याला तीन भीत्या असतात. एक, तुम्हाला दिलं की उद्या बाकीचे अकरा जण दारात उभे. दोन, क्लायंटने चार वाजता काही मागितलं आणि तुम्ही नसलात तर त्याची मान जाणार. तीन, वरच्या साहेबाला तो काय सांगणार? ही तिसरी सगळ्यात मोठी. म्हणून तुमचं काम त्याला पटवण्याइतकंच त्याच्या हातात वरच्यांना दाखवायला एक कागद देण्याचं आहे.

त्या कागदावर एक ओळ अशी घालता येईल. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीचे पाचही दिवस ऑफिसात. सहा महिन्यांत घरून काम मिळालेल्या गटातले राजीनामे एक तृतीयांशाने घटले. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये हा अभ्यास छापून आला. गंमत म्हणजे सुरुवातीला तिथल्या मॅनेजर लोकांना वाटत होतं की उत्पादकता घसरेल. प्रयोग संपल्यावर त्याच मॅनेजरांचं मत बदललं. आणि राजीनामे सगळ्यात कमी झाले ते बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. आपलं विरार, आपली डोंबिवलीच की!

नवा माणूस शोधायचा, त्याला शिकवायचं, तोवर नोटीस पीरियडवाल्याची मनधरणी करायची, याचा वैताग प्रत्येक मॅनेजरने भोगलेला असतो. तुम्ही धमकी द्यायची नाही. 'नाहीतर मी सोडीन' हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. गणित त्याला आपोआप कळतं.

मेल लिहायचा तो असा

आधी बोला, मग लिहा. अप्रेझलच्या आठवड्यात नाही, रिलीजच्या आदल्या दिवशी तर नाहीच. एखादं काम चांगलं पार पडल्यानंतरचे दोन-चार दिवस उत्तम. कँटीनमध्ये चहा पिता पिता विषय काढू नका, पंधरा मिनिटांचा वेळ मागून घ्या. विषय काढल्याशिवाय थेट एचआरला मेल टाकणं म्हणजे बॉसला बायपास करणं, आणि ते कुठल्याच बॉसला आवडत नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे तो इंग्रजीतच जाईल, पण मुद्दे आधी मराठीत उतरवून बघा, भंपकपणा लगेच दिसतो. साधारण असा:

'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहितोय. १ तारखेपासून तीन महिने, मंगळवारी आणि गुरुवारी मी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात काम करावं अशी विनंती आहे. बाकीचे तीन दिवस नेहमीप्रमाणे. घरी आईच्या उपचारांसाठी या दोन सकाळी मला लागणार आहेत. सकाळचा स्टेटस रिपोर्ट मी आदल्या रात्री पाठवीन. सकाळी काही तातडीचं निघालं तर अमुक सहकारी बघेल, त्याच्याशी बोललोय. त्याबदल्यात मंगळवार-गुरुवारचे क्लायंट कॉल मी घेईन. दर महिन्याअखेर आपण आढावा घेऊ. काम अडतंय असं वाटलं तर मी नेहमीच्या वेळेवर परत येईन.'

बघा, यात काय आहे? तारीख आहे, वार आहेत, मुदत आहे. अडचण एका ओळीत आहे, करुण कहाणी नाही. कारण सांगायलाच हवं असंही नाही, पण सांगितलंत तर खरं सांगा. गॅस सिलिंडर फार दिवस पुरत नाही. सहकाऱ्याच्या डोक्यावर काम टाकलेलं नाही, देवाणघेवाण केलीये. आणि शेवटच्या वाक्याने बॉसची अर्धी भीती काढून टाकलीये. कायमचं काही मागितलं की माणूस दचकतो, तीन महिन्यांना सहसा 'ट्राय करून बघू' म्हणतो.

तोंडी होकारावर खूश होऊन मेल टाळू नका. आज 'अरे, बिनधास्त ये बारा वाजता' म्हणणारा दिलदार बॉस सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो, आणि नव्या बॉसच्या एक्सेल शीटमध्ये तुम्ही फक्त लेट कमर असता.

'घरीच आहेस ना!'

समजा, मिळालं. दोन दिवस वर्क फ्रॉम होम. पहिला आठवडा स्वर्ग. दुसऱ्या आठवड्यापासून दारावरची बेल तुमच्यासाठीच वाजते. 'घरीच आहेस ना, जरा कुकर लाव.' 'घरीच आहेस ना, प्लंबर येणारे.' सासूबाईंच्या भिशीच्या मैत्रिणी येतात आणि सूनबाई लॅपटॉप घेऊन बसलीये म्हणून चहा कोण करणार असा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. हे वाक्य मुलांनाही ऐकायला मिळतं, पण मुलींच्या वाट्याला जास्त, हे सांगायला सर्वेक्षण नकोच. तरी आकडा हवाच असेल तर केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८. या दरीत फ्लेक्सी टायमिंगची भर टाकली की काय होतं? प्रवासाचे वाचलेले तीन तास तुमच्या झोपेला, जिमला किंवा कथकच्या क्लासला न मिळता थेट स्वयंपाकघरात जमा होतात.

म्हणून बॉसशी वाटाघाटी करण्याआधी एक बैठक घरात घ्यावी लागते, आणि खरं सांगायचं तर ती जास्त कठीण असते. दार बंद म्हणजे ऑफिस. दार नसेल तर हेडफोन म्हणजे ऑफिस. वाचलेले तास कुणाचे, हे आधीच बोलून घ्या. नवऱ्यानेही आपल्या ऑफिसात तेच मागायला काय हरकत आहे? बाप झालेला माणूस 'मुलाला शाळेत सोडायचंय, मी दहाला येतो' असं म्हणताना अजूनही लाजतो. बाईने म्हटलं तर 'हिचं घर आहे', बाप्याने म्हटलं तर 'याला करिअर नाही'. दोघांचंही नुकसान करणारी ही समजूत मोडायला एखाद्या बापाने मेल लिहिणं हाच उपाय मला तरी दिसतो. जितके जास्त पुरुष मागतील तितकी ही 'लेडीजची सवलत' उरणार नाही.

दुसरा सापळा ऑफिसच्या बाजूने. 'तू घरी आहेस' याचा अर्थ 'तू कायम आहेस' असा लावला जातो. रात्री सव्वादहाला व्हॉट्सॲपवर 'क्विक वन' येतो आणि तो कधीच क्विक नसतो. नऊ वाजता काम संपतं असं मेलमध्ये लिहिलंय, तर नऊनंतर उत्तर न देण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावा. तिसऱ्या महिन्यात ती बंडखोरी वाटते. ऑफिसनंतरचे फोन-मेल न घेण्याचा हक्क मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होणं आपल्याकडे दुर्मीळच. तोवर फोन सायलेंटवर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.

दिसला नाही, तर आठवणार कसा?

आता ती अप्रेझलची भीती. ब्लूम यांनीच याच कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये त्याआधी केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथे लोक आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होते. कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण तेवढ्याच कामगिरीच्या ऑफिसातल्या लोकांशी तुलना केली तर घरच्यांना बढती कमी मिळाली. चार दिवस घरी आणि दोन दिवस घरी यातला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑफिसातल्या दिवशी कोपऱ्यात हेडफोन लावून बसू नका. त्या दिवशी साहेबांना भेटा, मीटिंगमध्ये बोला, नव्या पोरांना चहा पाजा. आणि केलेल्या कामाची महिन्याला एक छोटी यादी बॉसला पाठवत जा. आपल्याकडे स्वतःचं कौतुक करणं अशिष्ट मानतात खरं, पण ही यादी म्हणजे कौतुक नव्हे, पावती आहे.

त्या प्रयोगातली अजून एक गोष्ट मला फार आवडते. नऊ महिने संपल्यावर घरून काम करणाऱ्यांना विचारलं, पुढे काय करायचं? जवळजवळ निम्म्यांनी ऑफिसात परत यायचं ठरवलं. घरी एकटं वाटत होतं म्हणे.

नाहीच म्हणाले तर?

म्हणतील. पहिल्या फटक्यात बहुतेक वेळा नाहीच म्हणतात. तेव्हा चिडून खुर्ची सरकवू नका, तीन प्रश्न विचारा. अडचण नेमकी कशाची आहे? यातलं किती जमेल? आणि पुन्हा कधी विचारू? दोन दिवस नाही तर एक. बारा नाही तर साडेदहा. पूर्ण टीमच्या पॉलिसीचा प्रश्न असेल तर टीममधल्या अजून दोघातिघांना घेऊन सगळ्यांसाठी एकच प्रस्ताव द्या. दुपारी बारा ते चार सगळे हजर, बाकीचे तास ज्याचे त्याने ठरवावेत अशी 'कोअर अवर्स'ची पद्धत कित्येक ऑफिसांना पटते, कारण त्यात कुणा एकावर मेहेरबानी दिसत नाही.

कारण लेखी मागा, नम्रपणे. लेखी लिहायची वेळ आली की अनेकांचा 'नाही' जरा मऊ होतो. बाळंतपणाच्या रजेवरून परतत असाल तर नेमणुकीच्या वेळी मिळालेली कागदपत्रं काढून बघा. मातृत्वाच्या लाभांची माहिती नव्या महिला कर्मचारीला लेखी द्यायला हवी, असंही २०१७ च्या दुरुस्तीत आलं होतं.

आणि तरीही दार बंदच राहिलं, तर नोकरी शोधायला सुरुवात करा, पण या वेळी इंटरव्ह्यूच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' आलं की पॅकेजच्या आधी वेळ विचारा. 'तुमच्या टीममध्ये सहाला निघालेल्या माणसाला काय म्हणतात?' उत्तर द्यायला समोरच्याला किती सेकंद लागतात, तेवढं फक्त मोजा.